पत्रिका पेटीत अडकली

८ ऑक्टोबर १९९७, बुधवार

हे आज सकाळच्या येष्टीनं धुळ्याला गेले. धुळ्याच्या नणंदेच्या मालकांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे आणि दवाखान्यात थांबायला पुरुष माणूस कोणी नाही. म्हणजे ह्यांचा दसरा तिकडंच होणार.

निघायच्या आधी मला कॉम्प्युटरसमोर बसवून परत सगळं घोकून घेतलं. कारण मंगळवारी पानबाई येणार. पानबाई म्हणजे कांतीलाल शेठच्या आई. त्यांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका ह्यांनी कॉम्प्युटरमध्ये तयार करून ठेवली आहे. ती पानबाईंना काचेवर दाखवायची. त्या हो म्हणाल्या की छापायला जाणार. कांतीलाल शेठचं कापडाचं दुकान, सगळा बाजार त्यांना ओळखतो. ही पत्रिका आपल्याकडून झाली तर बाकीचे पण येतील. नाही झाली तर ह्यांना पुन्हा कोणाच्या तरी प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवायला उभं राहावं लागेल. आधीची प्रेस बंद पडली म्हणून तर हा कॉम्प्युटर घरात आणला. हे सगळं ह्यांनी मला तीनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

मी सातवी झालेली, ती पण पहूरच्या शाळेत. ए बी सी डी मला येते पण गाण्यासारखी म्हटली तरच, मधूनच विचारली तर नाही. आणि मी भिते. विजेला भिते, पालीला भिते, कुकरच्या शिट्टीला भिते, आमची छोटी जयू जरा जास्त वेळ झोपली तर नाकापाशी बोट धरून बघते. माहेरी रात्री बहिणीला सांगायचे काय काय वाटलं ते. इथं बहीण नाही म्हणून ही डायरी. पाइपच्या दुकानातून फुकट आली होती.

तर असं करायचं. आधी भिंतीचं बटण. मग स्टॅबिलायझर, त्याचा काटा थरथरतो, तो उभा राहीपर्यंत थांबायचं. मग टीव्ही, म्हणजे कॉम्प्युटरची काच. मग खालची पेटी. पेटी एकदा पीं म्हणते, एकदाच. मग काचेवर निळं आभाळ येतं, ढग येतात. मग माऊस धरून बाण त्या पिवळ्या चौकोनावर न्यायचा आणि दोनदा टकटक. पत्रिका आली. बटणांच्या पाटीला तर हातच लावायचा नाही, तिचं कामच नाही.

दारात चपला घालताना हळूच म्हणाले, "आणि आईला त्याला हात लावू देऊ नकोस. मी सांगितलं म्हणून तिला सांगू नकोस."

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी आत्याबाई (माझ्या सासूबाई) शेजारी भजनाला गेल्या तेव्हा दार लावून घेतलं आणि चालू केलं. जयू मांडीवर. बाण काचेवर माशीसारखा फिरत होता, पिवळ्या चौकोनावर बसेचना. पण आली पत्रिका! वर स्वस्तिक, कलश, मग स्व. दलिचंदजी, म्हणजे पानबाईंचे मालक. मग चि. सौ. कां. ममता. मी मोठ्यानं वाचून काढली. जयूनं टाळ्या वाजवल्या.

बंद करताना पण ह्यांनी सांगितलं तसंच केलं. वरून रेक्झिनचं कव्हर घातलं. घामानं ब्लाउज ओला झाला होता, पण मनात हसत होते. रात्री शेवभाजीत मीठ टाकायला विसरले. आत्याबाई म्हणाल्या, "लक्ष कुठी असते तुहं, कोकिळे?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायला हात धजत नाही.

आज परत चालू केलं, पक्कं व्हावं म्हणून. पत्रिका आलेली होती तेवढ्यात लाईट गेली. ह्यांनी सांगितलं होतं की असं मधेच कधी बंद पडू द्यायचं नाही, त्याला लागतं. आता लाईट मी नेली का? आणि दुसरं. जयूची दुधाची बाटली मी पेटीवर ठेवली होती. अंधारात ती उचलायला गेले तर पेटीवर दोन थेंब पडले. पदरानं पुसले. फुंकर पण मारली.

लाईट आल्यावर परत चालू करून बघायची हिंमत झाली नाही. उद्या दसरा. दसऱ्याला कोणी वाईट बोलत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी दाराला झेंडूचं तोरण. आत्याबाईंनी पाटावर सगळं मांडलं: विळी, कात्री, खुरपं, पान्हे, शिलाई मशीनचं चाक, ह्यांची जुनी खिळे जुळवायची पट्टी. सगळ्याला हळदीकुंकू, अक्षता, फूल. मग त्यांची नजर पुढच्या खोलीकडं गेली.

म्हणाल्या, "आनी त्याची पूजा? खरं हत्यार तर आता तेच हाये."

मी म्हटलं, "ह्यांनी सांगितलं आहे कव्हर काढायचं नाही, धूळ जाते."

"मंग दसऱ्याच्या दिशी त्याले काय उपाशी ठेवू?"

मी म्हटलं कव्हरवर फूल ठेवू. त्यांनी ठेवलं, पण तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळी मी जयूला घेऊन गल्लीत सोनं द्यायला गेले. सगळ्यांच्या पाया पडले. झिपरूभाऊंच्या घरी जयूनं आपट्याची पानं तोंडात घातली, त्यांची बायको म्हणाली पोरगी श्रीमंत होणार. परत आले तर घरात उदबत्तीचा घमघमाट. आत्याबाई पुढच्या खोलीत केरसुणी घेऊन वाकलेल्या. मला बघून एकदम सरळ झाल्या. त्यांना म्हटलं तिन्हीसांजेला केर काढू नये ना, तुम्हीच सांगता. त्या म्हणाल्या, "दाने पडले व्हते."

त्यांची बोटं लाल होती. कव्हर मात्र अगदी ताणून नीट बसवलेलं होतं, माझ्यापेक्षा नीट. मला वाटलं किती जपतात लेकाच्या वस्तूला.

१२ ऑक्टोबर, रविवार

देवा.

दुपारी चालू केलं. काटा उभा राहिला, टीव्ही लागला, पेटीचं बटण दाबलं. पीं म्हणाली. मग परत पीं. मग पींपींपींपींपीं, थांबायलाच तयार नाही, जणू कोणी तिच्या शेपटीवर पाय दिला. काच काळी आणि तिच्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. ढग नाहीत, पिवळा चौकोन नाही, काही नाही. मी भिंतीचं बटण खाडकन बंद केलं आणि जयूला पोटाशी धरून स्वयंपाकघरात पळाले.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. हातातलं लाटणं तसंच वर धरलेलं.

"काय ओरडलं गं ते?"

"काही नाही, कुकर असेल शेजारचा," मी म्हटलं.

"हां, कुकरच असीन," त्या म्हणाल्या. एवढ्या लवकर त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

ते दूध आतमध्ये गेलं असणार. दुधाचे दोन थेंब, नाही तर ती लाईट. दोन्ही माझंच.

नंतर चार वाजता आत्याबाईंनी स्वतः चहा करून मला आणून दिला. लग्नाला तीन वर्षं होत आली, असं कधी झालं नाही. वर म्हणाल्या, "बस जराशी. दिवसभर राबतेस." मला रडूच आलं. त्यांना कळलं असतं मी काय करून ठेवलंय तर असा चहा दिला असता का?

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी धीर करून झिपरूभाऊंना बोलावलं. ते शेतातल्या पंपाच्या मोटारी बांधतात, टीव्हीपण उघडतात. त्यांना म्हटलं कोणाला सांगू नका. ते येताना गल्लीतून मोठ्यानं म्हणाले, "कॉम्प्युटर बिघडला काय वहिनी?"

त्यांनी पेटीला टेस्टर लावला. गुडघ्यावर बसून कान लावला. मग चालू केलं. पींपींपींपीं.

"मोटार नाही जळाली," ते म्हणाले. "मोटार जळाली की आवाज नसतो, वास असतो. वास घ्या."

मग आम्ही तिघं, मी, ते आणि आत्याबाई, पेटीपाशी ओणवे होऊन वास घेत राहिलो.

"वास तर उदबत्तीचा येतो," झिपरूभाऊ म्हणाले.

आत्याबाईंना एकदम ठसका लागला. पाणी आणायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

झिपरूभाऊ म्हणाले, गरम झाला असेल, पंखा लावा. पंखा लावला. पंख्यानं जयूचे केस उडाले, बाकी काही झालं नाही. जाताना ह्यांचं नाव घेऊन म्हणाले, "शालिग्राम आल्यावर बघील. तोवर त्याला बोलायला लावू नका." जणू टायफॉइडचा पेशंट.

दुपारी आत्याबाई म्हणाल्या, दृष्ट लागली असीन त्याले. मीठमोहऱ्या आणि वाळक्या मिरच्या घेऊन पेटीवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. खरी दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. आमच्या मिरच्यांचा असा ठसका आला की पलीकडच्या बोळातली माणसं खोकत बाहेर आली. मला वाटलं बरं झालं, दृष्ट नाही. पण आत्याबाई डोळे पुसत मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे दृष्ट नही. मंग दुसरंच काही हाये." मिरचीचं पाणी की खरं पाणी, कळलं नाही. लेकाच्या पोटाची किती काळजी त्यांना. आणि मी अशी.

संध्याकाळी एसटीडी बूथवर गेले. धुळ्याला दवाखान्याच्या समोरच्या मेडिकलमध्ये फोन लावला, त्यांनी ह्यांना बोलावून आणलं.

"काय गं? सगळं ठीक?"

मी म्हटलं, "हो."

"जयू?"

"ठीक."

"कॉम्प्युटर?"

मीटरवर लाल आकडे पळत होते. म्हटलं, "तो पण ठीक. पूजा झाली त्याची. तुम्ही जेवता का वेळेवर?"

आणि फोन ठेवला. एवढ्या लांब फोन करून मी जेवणाचं विचारलं.

घरी आले तर आत्याबाई दारातच. "सांगलं का त्याले?"

"नाही सांगितलं."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला. "बरं केलं माय. ऑपरेशनच्या घरात कसाले." मग शेवभाजी त्यांनीच केली, मला जास्त शेव वाढली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पानबाई अकराच्या सुमाराला आल्या. रिक्षातून उतरल्या, बरोबर कोणी नाही. पांढरी साडी, हातात काठी, गळ्यात तुळतुळीत साखळी. आत येताना चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. मला म्हणाल्या, "काय बीनणी, दाखव ममताची पत्रिका." सुनेला त्यांच्याकडं बीनणी म्हणतात.

मी पाणी दिलं. मग चहाचं विचारलं. त्या म्हणाल्या नको. जयूला पुढं केलं. त्यांनी जयूचा गालगुच्चा घेतला आणि परत म्हणाल्या, दाखव.

आता एकच उपाय सुचला. पाणी आणते म्हणून आत गेले आणि मागच्या ओसरीवरच्या मीटरकडं धावले. म्हटलं मेनच बंद करावा, लाईट गेली असं सांगावं. खोटं आहे पण दुसरं काय करणार. हात वर केला तर तिथं आधीच एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा.

आत्याबाई.

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मग त्यांनीच खटका खाली ओढला. पुढच्या खोलीतला पंखा घरघरत थांबला.

"गेली वाटतं," आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या.

"गेली वाटतं," मी पण म्हटलं.

पानबाईंनी बाहेर बघितलं. समोरच्या घरातला रेडिओ चालू होता. काठी घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या येते बेटा. पण उद्या दिसली पाहिजे. कांती म्हणतो, घरातल्या मशीनीवर भरवसा नको, स्टेशन रोडच्या प्रेसवाल्याला देऊन टाकू. मीच म्हटलं, बघून तर येऊ दे. जोधपूरच्या पाहुण्यांना दिवाळीच्या आत पत्रिका पोचायची आहे." मग दारात थांबून म्हणाल्या, "मला फक्त आमच्या मालकांचं नाव वर कसं दिसतं ते बघायचंय. ममतावर फार जीव होता त्यांचा."

त्या गेल्यावर आत्याबाईंनीच जाऊन खटका वर केला. आत्याबाईंनी मला वाचवलं एवढं मला कळलं. दुधाचं त्यांना कळलं की काय? मी तर त्यांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजचं सगळं लिहायचं म्हणजे पानं पुरतील का बघते.

सकाळी जयू रडत होती. दात येतोय. तिला घेऊन येरझाऱ्या घालताना मनात आलं की जयू ओरडली की मी काय करते? मी काही डॉक्टर नाही. आधी भूक बघते. मग लंगोट बघते. मग एकेक कपडा काढते आणि कुठं मुंगी चावली का ते बघते. जो कपडा काढल्यावर ती गप्प बसते त्याच कपड्यात मुंगी असते.

मग ही पेटी तरी वेगळं काय करते? ओरडतेच ना?

जयूला आत्याबाईंकडं दिलं आणि पेटी वळवून मागं बघितलं. वायरीच वायरी. काढल्या आणि परत कोणती कुठं लावायची ते विसरले तर? म्हणून टिकल्यांचं पाकीट आणलं. एक वायर, तिच्यावर लाल टिकली आणि तिच्या भोकापाशी लाल टिकली. दुसरीला हिरव्या. तिसरीला चमकीवाल्या, लग्नाला जायच्या. भिंतीचं बटण बंदच होतं, तरी शॉक बसेल म्हणून हाताला पदर गुंडाळला.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं आता म्हणतील हात लावू नको. म्हणाल्या, "हळू वं माय."

आधी माऊसची वायर काढली, चालू केलं. पींपींपीं. बंद. ती लावली. मग बटणांच्या पाटीची वायर काढली, चमकीवाली. डोळे मिटून पेटीचं बटण दाबलं.

पीं.

आणि गप्प.

ढग काही आले नाहीत, काळ्या काचेवर इंग्रजीच होतं. पण ओरडणं बंद! मुंगी पाटीत होती. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आत्याबाई दचकल्या.

"दुधाचं नाही! दूध तर पेटीवर सांडलं होतं, पाटीवर नाही!"

"कसलं दूध?" आत्याबाई म्हणाल्या.

आता बोलून बसलेच होते. सगळं सांगितलं, बाटली, थेंब, लाईट. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा काही तरी वेगळाच होत चालला.

तेवढ्यात जयू त्यांच्या कडेवरून खाली वाकली आणि तिनं पाटीची वायर धरून पाटी ओढली. पाटी तिच्या हातात हलली आणि आवाज आला, खुळखुळ. जयू रडायची थांबली. परत हलवली. खुळखुळ खुळखुळ. हसायला लागली.

मी पाटी घेतली, उलटी केली. फरशीवर एक दाणा पडला. तांदळाचा. पिवळा. मग एक लाल.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या जमिनीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"मीच मारलं माय त्याले. माह्या लेकराचं पोट मीच मारलं."

दसऱ्याच्या दिवशी मी गल्लीत गेले तेव्हा त्यांनी कव्हर काढलं होतं. हळदीकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. आणि अक्षता. "इतके बटनं. एकालेही वगळावं वाटलं नही. एकेकावर दोन दोन दाने ठेवले. माह्या शालिकले तेच जेवू घालतात ना." मग माझी चाहूल लागली म्हणून हातानं वरवर झाडलं आणि कव्हर ताणून बसवलं. रविवारी ते ओरडलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. तेव्हापासून चहा, शेव, मिरच्या, मेनचा खटका. देवीला नारळ पण बोलून ठेवलाय.

"मंग मले वाटलं, तुले कळलं हाये नं तू मले सांभाळून घेतेस," त्या म्हणाल्या. "फोनवर पन त्याले सांगलं नही."

"मला वाटलं तुम्हाला कळलंय आणि तुम्ही मला सांभाळून घेताय."

"त्यानं तर मले जाताना सांगलं, कोकिळेले एकटीले चालू करू देऊ नको, भित्री हाये, काही तरी करून ठेवीन. म्हने, तिले सांगू नको."

"मला म्हणाले, आईला हात लावू देऊ नकोस. तिला सांगू नकोस."

मग आत्याबाईंचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या. मग मला पण हसू फुटलं, आणि आमच्याकडं बघून जयूला.

मग आत्याबाई डोळे पुसून उठल्या, आतून सूप आणलं, खाली बसल्या, पाटी सुपावर उलटी धरली आणि पाखडायला लागल्या. त्यांच्यासारखं गल्लीत कोणी पाखडत नाही. मनगट हलतं, खांदा हलत नाही. हळूहळू झटके देत, मधेच पाठीवर थाप मारत, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. दाणे पडत गेले, पिवळे, लाल. झेंडूच्या पाकळीचा तुकडा. आणि बिस्किटाचा चुरा, तो पूजेचा नव्हता. तो जयूचा, म्हणजे माझा. आत्याबाईंनी तो बघितला आणि बाजूला केला.

सूप झालं तरी एक बटण बाकीच्यांपेक्षा खाली बसलेलं होतं, लांबड्या बटणाच्या शेजारचं. वाकून बघितलं तर फटीत एक दाणा उभा रुतलेला. डोक्यातला आकडा काढला आणि त्याला टोचत राहिले. तो निघेना. आत्याबाई म्हणाल्या, "ओढू नको, खालून उचल." खालून उचलला. दाणा उडाला आणि बटण टक करून वर आलं.

चमकीवाली टिकली चमकीवाल्या टिकलीला. भिंतीचं बटण. काटा उभा राहीपर्यंत थांबायचं होतं, तो आज मुद्दाम हळू उभा राहत होता. टीव्ही. पेटी.

पीं. एकदाच.

आणि आभाळ. ढग.

आत्याबाईंनी काचेला हात जोडले. मग घाईनं हात मागं घेतले.

पानबाई दुपारी आल्या तेव्हा मी बाण नेमका पिवळ्या चौकोनावर नेला आणि दोनदा टकटक केलं. पत्रिका आली. त्या खुर्ची पुढं ओढून काचेच्या अगदी जवळ गेल्या, चष्मा वर केला, एकेक अक्षर वाचलं. स्व. दलिचंदजीवर बोट ठेवलं, काचेला न टेकवता. बराच वेळ.

"वरच आहे," म्हणाल्या. "मला वाटलं होतं आजकालची पोरं खाली टाकतात." मग माझ्याकडं वळून, "हो म्हणते मी. कांतीला सांगते. आणि सावद्याला माझ्या भाच्याकडं लग्न आहे फेब्रुवारीत, त्याला पण इकडंच पाठवते. आज लाईट आहे ना?"

"आहे," आत्याबाई म्हणाल्या.

पानबाई काठी घेऊन उठल्या. "काल तुमच्या एकट्यांच्याच घरची गेली होती," एवढंच म्हणाल्या आणि रिक्षात बसून हसत राहिल्या. मी बघितलं.

सुपातल्या अक्षता आत्याबाईंनी तुळशीत टाकल्या. बिस्किटाचा चुरा चिमण्यांना. दोघींनी ठरवलं, ह्यांना काही सांगायचं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

हे आले. नणंदेच्या मालकांची तब्येत बरी आहे, उठून बसतात. पानबाईंनी हो म्हटलं हे सांगितलं तर ह्यांना खरंच वाटेना. "तू चालू केलंस? एकटीनं?" मी म्हटलं हो. आत्याबाई म्हणाल्या, "मी तिथीच व्हते." दोन्ही खरं.

मग ह्यांनी पेटीच्या मागं वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्या टिकल्या कोणी लावल्या?"

"दृष्ट लागू नये म्हणून," आत्याबाई लगेच म्हणाल्या.

ह्यांनी मान हलवली. पिशवीतून नणंदेनं दिलेला प्रसाद काढला, नारळाचा तुकडा, साखरफुटाणे आणि कागदाच्या पुडीत अक्षता. "दसऱ्याला मी नव्हतो. मशीनची पूजा राहिली माझ्या हातची," म्हणाले. कव्हर काढलं. मुठीत अक्षता घेतल्या आणि हात पाटीवर नेला.

"नको!"

आम्ही दोघी एकदमच ओरडलो. जयू दचकून रडायला लागली. हे मूठ तशीच वर धरून आमच्याकडं बघत राहिले, एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं.

"काय झालं?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई अगदी शांतपणे पुढं आल्या, ह्यांच्या मुठीतल्या अक्षता आपल्या ओंजळीत घेतल्या आणि जयूच्या डोक्यावर टाकल्या.

"त्याचं पोट भरेल हाये," म्हणाल्या.

ह्यांना काही कळलं नाही. मी पदर तोंडात कोंबला. मग पुढं झाले, भिंतीचं बटण लावलं, आणि काटा उभा राहीपर्यंत थांबले.